इबरत घ्यायची तर आधी इबारत वाचा

मदिनेतल्या शेवटच्या आठवड्यात, रात्री जेवण झाल्यावर अम्मीने स्पष्ट सांगून टाकलं, "वो अजाब की जगा है. तुम जाओ, मैं नै आती."

उमरा झाला होता. दिवाळीच्या सुटीतले चार दिवस हातात होते. धाकटा भाऊ बारा वर्षांपासून मदिनेत गाडी चालवतो, त्याला दोन दिवसांची रजा मिळाली होती. आपाला अल-उला दाखवायचंच, असं त्याने मी निघण्याआधीपासून ठरवलं होतं. "आपा, तू मुलांना इतिहास शिकवतेस ना, मग ते डोंगर बघच," असं तो फोनवर कितीदा म्हणाला असेल. खरं तर मी इतिहास शिकवत नाही, उर्दू आणि मराठी शिकवते. पण धाकट्या भावाला बहिणीचा विषय कुठे ठाऊक असतो!

वाद झाला तो अल-उलावरून नाही, तिथून वीसेक किलोमीटरवर असलेल्या हिज्रवरून. आपल्याकडे त्याला मदाइन सालेह म्हणतात. जगाच्या नकाशावर हेग्रा. कुराणात ज्या समूद लोकांची हकीकत येते, हजरत सालेह अलैहिस्सलाम ज्यांच्याकडे पाठवले गेले, ज्यांनी उंटिणीला मारलं आणि ज्यांच्यावर अजाब आला, त्यांची ही जागा. कुराणातल्या 15व्या सूरेचं नावच हिज्र आहे. हिजरी 9 मध्ये तबूककडे जाताना पैगंबरसाहेब इथून गेले. तेव्हा त्यांनी साथींना बजावलं की, ज्यांनी स्वतःवर जुलूम केला त्यांच्या वस्तीत जायचं तर रडत जा, रडू येत नसेल तर जाऊ नका. ही हदीस बुखारीत आहे. ते स्वतः डोकं झाकून ती दरी झपाझप ओलांडून गेले. तिथल्या विहिरीच्या पाण्यात मळलेलं पीठसुद्धा त्यांनी वापरू दिलं नाही. पाणी घ्यायचं तर उंटीण ज्या विहिरीवर यायची, तिथलंच.

तेव्हा अम्मीचं म्हणणं हवेतलं नव्हतं. मिस्टर गप्प होते, भाऊ म्हणत होता की आता तर सगळे जातात. "सगळे जातात" हे काही उत्तर नाही, हे मी रोज वर्गात मुलांना सांगते. मग माझं उत्तर काय होतं? त्या रात्री माझ्याकडे नव्हतं. आज आहे, म्हणून लिहिते आहे.

वाळवंटातली दरी

मदिनेहून उत्तरेला गाडीने चार तास लागतात. रस्त्याला लागल्यावर पहिले दोन-अडीच तास सपाट, राखाडी, कंटाळवाणे. मग हळूहळू डोंगर जवळ येतात आणि त्यांचा रंग बदलायला लागतो, आधी तपकिरी, मग गेरूसारखा, मग उन्हात भाजलेल्या विटेसारखा. आणि एका वळणानंतर आपण दोन भिंतींच्या मधे असतो. भिंती म्हणजे सरळ उभे वालुकाश्माचे कडे. मधे खजुरीच्या बागा, इतक्या हिरव्या की डोळ्यांना बरं वाटतं.

हा वालुकाश्म सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वीचा. वाळूचे थरावर थर साचले, दाबले गेले, दगड झाले. मग पाण्याने आणि वाऱ्याने ते कोरायला घेतले. आज इथे पाऊस नावालाच पडतो, पण दऱ्यांचा आकार पाहिला की कळतं की कधीतरी इथून भरपूर पाणी वाहिलं आहे. मऊ थर आधी झिजले, कठीण थर उरले. म्हणून कुठे छत्री, कुठे कमान, कुठे नुसताच एक सुळका, कुठे मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली भिंत. जबल-अल-फील, म्हणजे हत्तीचा डोंगर, सुमारे 52 मीटर उंच आहे. सोंड खाली वाळूत टेकवून हत्ती पाणी पितो आहे असं हुबेहूब वाटतं. तिथे अम्मी आली होती. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सुभानल्लाह, इसकू किसने तराशा?" मी म्हटलं, हवेने आणि पाण्याने. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी प्रश्नच समजले नव्हते.

दरीच्या पश्चिमेला वर चढून गेलं की मात्र सगळंच बदलतं. लाल वालुकाश्मावर काळ्याभोर दगडाचं पठार पसरलेलं आहे. अरबीत त्याला हर्रा म्हणतात, ज्वालामुखीच्या लाव्हारसाचं पठार. तो दगड मी हातात घेतला आणि हसू आलं. बेसॉल्ट. आमच्या मराठवाड्यात घराच्या जोत्याला, विहिरीच्या काठाला, मशिदीच्या पायरीला हाच दगड असतो. आमचा कितीतरी जुना आहे, त्यांचा त्यामानाने अलीकडचा, पण जात एकच. एवढ्या लांब येऊन मला आमच्याच अंगणातला दगड भेटला.

हिज्रमध्ये

दुसऱ्या दिवशी अम्मी मुक्कामावर राहिली, भाऊ तिच्यासोबत थांबला. आम्ही दोघं हिज्रला गेलो. तिथे स्वतःच्या गाडीने हिंडता येत नाही. बसने नेतात, आणि सोबत माहिती सांगणारी व्यक्ती असते. तिला तिथे 'रावी' म्हणतात. हा शब्द ऐकून मी चमकले. आपल्याला रावी माहीत आहे तो हदीसचा, एकाकडून ऐकून दुसऱ्याला जबाबदारीने सांगणारा. इथे रावी होती एक पंचविशीतली सौदी मुलगी, इंग्रजी छान बोलणारी.

कस्र-अल-फरीद समोर उभं राहिलं की आधी काही बोलवतच नाही. चहूबाजूंनी मोकळी वाळू आणि मधे एकच प्रचंड गोल खडक. त्याच्या एका अंगावर सुमारे 22 मीटर उंचीचा कोरलेला दर्शनी भाग, वर दोन बाजूंना पायऱ्यांची नक्षी, खाली खांब, मधे दार. पण खालचा भाग अर्धवट राहिलेला. छिन्नीचे घाव तसेच दिसतात. रावीने सांगितलं, "हे लोक वरून खाली कोरत येत."

मी मिस्टरांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. दोघांच्याही मनात एकच नाव होतं, वेरूळ. कैलास लेणंही वरूनच खाली कोरत आणलं. आमच्या गावाहून वेरूळ तासाभरावर आहे.

मग रावीने जे सांगितलं त्याने माझी खरी शाळा घेतली. ही घरं नाहीत, कबरी आहेत. नबाती लोकांच्या. तेच लोक ज्यांची राजधानी जॉर्डनमधलं पेट्रा. हिज्र हे त्यांच्या राज्याचं दक्षिणेकडचं मोठं शहर. लोबान आणि मसाल्यांचे काफिले इथून उत्तरेला जात. अशा 111 मोठ्या कबरी इथे आहेत, त्यातल्या 94 नक्षीकाम केलेल्या. अनेकांच्या दारावर लेख आहेत आणि त्यात तारखा आहेत, साधारण इसवी सनाच्या सुरुवातीपासून सन 75पर्यंतच्या. सन 106 मध्ये रोमनांनी नबाती राज्य गिळलं. 2008 मध्ये युनेस्कोने हे ठिकाण जागतिक वारसा यादीत घेतलं, सौदीतलं ते पहिलंच.

आणि समूद? ते याच्याही कितीतरी आधीचे. असिरियाचा राजा दुसरा सारगोन याच्या इसवी सनापूर्वी 8व्या शतकातल्या लेखांत समूद लोकांचं नाव येतं. म्हणजे या कबरींच्या सातशे वर्षं आधी ते लोक होते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. कस्र-अल-फरीदचा फोटो आणि खाली "कौमे समूदचं घर, पाहा आणि इबरत घ्या" असा मजकूर आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर येऊन गेला आहे. मी तो पुढे पाठवला आहे. एवढंच नाही, वर्गात दाखवला आहे. नववीच्या मुलींपुढे मोबाईल धरून मी सांगितलं होतं की ही त्या लोकांची घरं. रावी म्हणून माझं काम होतं तपासून सांगायचं, आणि मी तपासलं नव्हतं.

कुणी म्हणेल, मग कुराणातली गोष्ट खोटी का? अजिबात नाही. कुराणात समूद डोंगर कोरून घरं करत असं आहे, हीच नक्षीची कबर त्यांचं घर, असं कुठेही नाही. ते आपण जोडलं, कारण फोटो छान होता. समोर दिसणारा दगड कुणी कोरला हे संशोधकाने सांगितलं की आपण घाबरतो, जणू आपला ईमान त्या फोटोला टांगलेला आहे. तो तसा टांगलेला नसावा, एवढंच माझं म्हणणं.

लिपीचा गाव

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते.

गेली वीस वर्षं मी पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्या वर्गांना कधी ना कधी उर्दू शिकवलं आहे. लहान मुलांना सगळ्यात जड जातं ते हे, की बे, पे, ते, टे, से ही सगळी अक्षरं दिसायला एकच होडी, फरक फक्त नुकत्यांचा. "मॅडम, वेगवेगळी अक्षरं का नाही केली?" असं एका मुलाने विचारलं होतं. मी म्हटलं, असंच आहे बाळा, पाठ कर.

त्याचं उत्तर हिज्रच्या परिसरात आहे. आपली अरबी लिपी, आणि तिच्यापासून फारसीमार्गे आलेली उर्दू लिपी, ही या नबाती लिपीतून आली असं बहुतेक अभ्यासक मानतात. नबातींनी आरामी लिपी घेतली, ती भरभर लिहिता लिहिता अक्षरं एकमेकांना जोडली जाऊ लागली, काही अक्षरं झिजून एकसारखी दिसायला लागली. मग त्यांच्यातला फरक दाखवायला नुकते आले. अल-उला आणि हिज्रच्या दरम्यान एका खडकावर जुहैर नावाच्या माणसाचा लेख आहे, हिजरी 24चा. हजरत उमर यांच्या निधनाचा त्यात उल्लेख आहे. इतक्या जुन्या या लेखात काही अक्षरांवर नुकते दिलेले आहेत. युनेस्कोने 2003 मध्ये त्याची जागतिक स्मृतीत नोंद केली. त्या पोराला मी आता उत्तर देऊ शकते. तो आता कुठे असेल कोण जाणे.

जबल इक्मा ही तिथली आणखी एक जागा. डोंगरातली अरुंद घळ, आणि तिच्या भिंतींवर शेकडो लेख, बहुतेक नबातींच्याही आधीच्या दादान आणि लिहयान राज्यांच्या काळातले. कुणी नवस फेडल्याचं लिहिलंय, कुणी पिकासाठी देवाला काय दिलं ते, कुणी नुसतं आपलं नाव. लिपी वेगळी, आपल्याला एक अक्षर लागत नाही. पण माणूस कळतो.

आणि हिज्रमधला एक लेख तर मी विसरूच शकत नाही. सन 267चा. काब नावाच्या मुलाने आपल्या आईसाठी, रकूशसाठी, कबर बांधली आणि तसं लिहून ठेवलं. आई हिज्रमध्येच वारली, कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी, सगळं लिहिलंय. जो ही कबर उकरेल त्याला शाप दिलाय. लिपी नबाती, भाषा मात्र बहुतांशी अरबी. तारीख असलेल्या सगळ्यात जुन्या अरबी मजकुरांपैकी हा एक आहे. म्हणजे ज्या भाषेत पुढे कुराण उतरलं, तिचा एक आरंभीचा पुरावा कुण्या राजाचा फतवा नाही, मुलाने आईसाठी लिहिलेल्या चार ओळी आहेत.

बायकांबद्दलही एक सांगायला हवं. इथल्या काही मोठ्या कबरी बायकांच्या मालकीच्या आहेत. वहबूची मुलगी हिनत हिने सन 60च्या सुमारास स्वतःसाठी, मुलाबाळांसाठी आणि वंशजांसाठी कबर करून घेतली, दारावर आपलं नाव कोरलं. दोन हजार वर्षांपूर्वी वाळवंटात बाईच्या नावावर दगडी मालमत्ता होती. आमच्याकडे आजही वारसाहक्काचा विषय निघाला की "भाऊ नाराज होतील" म्हणून बहिणी सही करून मोकळ्या होतात. शरीयतने दिलेला हिस्सा सोडून देतात, वर त्याला चांगुलपणा म्हणतात. हा वेगळा विषय आहे, पण त्या दारापुढे उभं राहिल्यावर तो आठवला.

जावं की जाऊ नये?

मी आलिमा नाही, मास्तरीण आहे. फतवा देणं माझं काम नाही. उलेमांमध्ये या जागेबद्दल वेगवेगळी मतं आहेत आणि ज्याला जायचं नाही त्याच्या मनातल्या भीतीचा मी आदर करते. अम्मी गेली नाही, मी तिला आग्रहही केला नाही.

पण मला जे वाटलं ते असं. त्या ताकिदीत दगडाची भीती नाही, बेफिकिरीची आहे. जायचं तर कसं, हे सांगितलंय, आणि ते आपण विसरलो. आमच्याच बसमध्ये एक कुटुंब होतं, भारतातलंच. पाऊण तासात त्यांनी शंभरेक फोटो काढले असतील. रावी बोलत असताना पाठ फिरवून काढले. कुणाच्या कबरी, केव्हाच्या, काही ऐकलं नाही. परत निघताना त्यातले एक गृहस्थ मला म्हणाले, "अल्लाहने कैसा बर्बाद किया, देखो." मी काही बोलले नाही. ज्या लोकांवर अजाब आला ते कसे होते? ताकदवान होते, कारागीर होते, श्रीमंत होते, आणि एका मुक्या जनावराला पाण्याची पाळी द्यायला तयार नव्हते. यात आपल्याला आपलं काही दिसलं नाही, फक्त "ते" दिसले, तर रडू कशाला येईल?

उर्दूत इबारत आणि इबरत हे दोन शब्द सख्खी भावंडं आहेत. मूळ अरबी धातू एकच, अर्थ ओलांडणं, पार जाणं. इबारत म्हणजे मजकूर, इबरत म्हणजे त्यातून घेतलेला धडा. मजकूर न वाचता धडा घेता येत नाही. आपण इबरतची घाई करतो आणि इबारत सोडून देतो.

दुसऱ्या बाजूचंही बोलते. अल-उलात सध्या जे चाललंय तेही मला पूर्ण पटलं नाही. 2019 पासून सौदीने पर्यटन व्हिसा सुरू केला आणि तेव्हापासून या दरीत पैशाचा पूर आला आहे. आरशांनी मढवलेला मोठा सभागृह, मैफली, महागडी हॉटेलं. हत्तीच्या डोंगरासमोर वाळूत खड्डे करून त्यात गाद्या टाकल्या आहेत, लोक कॉफी पितात, गाणी वाजतात. भावाच्या पगाराचा माणूस तिथे एक रात्र राहू शकत नाही. आम्हीही अल-उला गावातल्या साध्या खोलीवर राहिलो. एकीकडे जागा नीट राखली आहे, पायवाटा आखल्या आहेत, दगडाला कुणी हात लावू देत नाही, हे खरं. आपल्या दौलताबादच्या भिंतींवर बदाम आणि नावं कोरलेली पाहिली आहेत, त्यामुळे या शिस्तीची किंमत मला कळते. पण जिथे डोकं झाकून झपाझप जायला सांगितलं, त्याच्या शेजारी रात्रभर संगीत, हे मनाला टोचतं. न जाणं आणि मौजमजा करणं, या दोन टोकांच्या मधे एक रस्ता आहे, जाऊन वाचण्याचा. त्यावर गर्दी फारशी नव्हती.

आणि आता आपल्या घराचं

हा लेख खरं तर इथून सुरू व्हायला हवा होता.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल काढायची ठरली. मी वेरूळ-दौलताबाद-खुलताबाद सुचवलं. एका दिवसात होतं, खर्च कमी. संमतीपत्रं घरी पाठवली. दौलताबाद आणि खुलताबादला कुणाची हरकत नव्हती. वेरूळवर बऱ्याच पालकांनी नाही लिहिलं. "वहाँ बुत हैं." एका मुलीच्या वडिलांना मी ओळखत होते, शिकलेले आहेत. ते म्हणाले, "मॅडम, बच्ची के ईमान का सवाल है." मुलगी हुशार, चित्रं काढणारी. तिला कैलास लेणं बघायचं होतं, तिने मला तसं सांगितलं होतं.

मी काय केलं? काही नाही. वेरूळ यादीतून काढलं आणि त्या जागी बागेत नेलं. मुलांनी झोके घेतले, भेळ खाल्ली. ती मुलगी सहलीला आलीच नाही. मी स्वतःला सांगितलं, वाद कशाला, आधीच वातावरण असं आहे, कुणाला काही बोलायला निमित्त नको. तेही खोटं नव्हतं. पण हिज्रमध्ये त्या अर्धवट कोरलेल्या खडकासमोर उभी असताना ती मुलगी आठवली आणि लाज वाटली. विमानाचं तिकीट काढून मी हजारो किलोमीटरवर दुसऱ्यांच्या देवांच्या काळातल्या कबरी बघायला आले होते. त्या नबातींचेही देव होते, कबरींच्या लेखांत त्यांची नावं आहेत. माझ्या ईमानाला काही झालं नाही. आणि माझ्या जिल्ह्यातल्या मुलीला तासाभरावरचा डोंगर मी दाखवू शकले नाही.

त्या डोंगरांशी आपला संबंध काय, असं विचारणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगेन.

पहिली, इब्न बतूता. हा मोरोक्कोचा प्रवासी 1326 मध्ये हजच्या काफिल्यासोबत याच हिज्रवरून गेला. लाल डोंगरात कोरलेल्या इमारती त्याने पाहिल्या, नोंदवल्या. तहान लागलेली असूनही काफिल्यातलं कुणी तिथलं पाणी प्यालं नाही, हेही लिहिलं. पुढे अल-उलाच्या गोड पाण्यावर मुक्काम पडला, तिथले लोक ठेव सांभाळायला भरवशाचे, असं त्याने लिहून ठेवलं. हाच इब्न बतूता पुढे आपल्या दौलताबादला आला. तिथला किल्ला, बाजार, मराठे लोक, सगळं त्याने पाहिलं आणि लिहिलं. पक्का काझी माणूस. त्याला डोळे उघडे ठेवून हिंडायची भीती वाटली नाही.

दुसरी, त्याच्याही बाराशे वर्षं आधीची. पेरिप्लस नावाचं एक ग्रीक पुस्तक आहे, पहिल्या शतकातलं, व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं. त्यात तांबड्या समुद्रावरचं एक बंदर येतं जिथून नबाती राजाकडे रस्ता जातो. आणि त्याच पुस्तकात येतात पैठण, तेर, कल्याण, सोपारा. म्हणजे हिज्रच्या कबरी कोरल्या जात होत्या तेव्हा आपल्या सातवाहनांचे घाट आणि त्यांचे काफिले रस्ते एकाच व्यापाराच्या जाळ्यात होते. तिथे खडकावर नबाती लिपी कोरली जात होती, इथे नाणेघाटात आणि नाशिकच्या लेण्यांत ब्राह्मी. तिच्यातून पुढे देवनागरी आली, आणि त्या लेखांतल्या प्राकृताच्या कुळातून मराठी. नाणेघाटात राणी नागनिकेचा लेख आहे. नाशिकला गौतमी बलश्री या आईने आपल्या मुलाबद्दल, गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल लिहून ठेवलंय. तिकडे मुलगा आईसाठी लिहितो, इकडे आई मुलासाठी.

मी एका तासाला उर्दू शिकवते, दुसऱ्या तासाला मराठी. घंटा वाजली की फळ्यावर उजवीकडून लिहिणं थांबवून डावीकडून सुरू करते. माझ्या दोन्ही लिप्यांच्या पूर्वजांना दगडाने जपून ठेवलंय, एकीच्या पूर्वजाला लाल दगडाने, दुसरीच्या काळ्या. त्यातला एक माझा आणि दुसरा परका, असं मी कुठल्या तोंडाने मुलांना सांगू?

माझ्या हिंदू वाचकांनाही इथेच एक विनंती आहे. चांदमिनार आणि खुलताबादचे दर्गे "त्यांचे" म्हणून सहलीतून वगळले जातात, हेही मी पाहिलं आहे. आमचे पालक वेरूळ गाळतात, तुमचे खुलताबाद गाळतात, आणि बस दोन्हीकडच्या मुलांना घेऊन त्याच बागेत जाते.

हिज्रमध्ये एक जुनं रेल्वे स्टेशनही आहे, हिजाज रेल्वेचं. ती लोहमार्गाची ओळ 1908 मध्ये मदिनेपर्यंत पोचली. तिच्यासाठी जगभरच्या मुसलमानांनी वर्गणी दिली होती, हिंदुस्थानातल्याही. आपल्या पणजोबांच्या पिढीने न पाहिलेल्या स्टेशनासाठी पैसे दिले. आपल्याला संमतीपत्रावर एक सही द्यायची आहे.

परतताना गाडीत मी अम्मीला रकूशची गोष्ट सांगितली. आईसाठी मुलाने कबर बांधली, नाव लिहिलं, तारीख लिहिली. अम्मी खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "उसका बेटा क्या नाम बोली?" मी म्हटलं, काब. ती काही वेळ पुटपुटत होती, बहुधा तस्बीह चालू होती. मग म्हणाली, "अच्छा किया तूने पढ लिया." ती अजूनही म्हणते की ती तिथे जाणार नाही. आणि मी जाऊन वाचलं ते बरं झालं, असंही म्हणते. या दोन्हीत तिला काही विसंगती वाटत नाही. मलाही आता वाटत नाही.

शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात मी नववीच्या वर्गात त्या जुन्या फोटोबद्दल माफी मागितली आणि खरी माहिती सांगितली. मुलींनी विचारलेल्या प्रश्नांनी तास संपला तरी संपेनात. जानेवारीत सहल आहे. या वेळी संमतीपत्रासोबत मी पालकांची एक बैठक ठेवली आहे. वेरूळ यादीत आहे, दौलताबाद आणि खुलताबादही. ती चित्रं काढणारी मुलगी आता दहावीत आहे. तिच्या वडिलांना मी स्वतः जाऊन भेटणार आहे. ते हो म्हणतील की नाही, मला माहीत नाही. पण या वेळी त्यांनी नाही म्हटलं, तर ते माझ्याशी बोलून, माझं ऐकून म्हणतील. गेल्या वेळी मी तेवढंही केलं नव्हतं.